भरलेलं लिंबू

“नाव नाय सांगायचं,” लिंबूकाकी म्हणाली. “नाव घेतलं की गुण जातो.”

सकाळची दहाची वेळ. मी तिच्या पडवीत वही उघडून बसले होते आणि ‘वनस्पतीचे नाव’ या रकान्यावर पेन टेकवून तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होते. समोर एक बाई उजव्या हाताचं मधलं बोट वर करून बसली होती. बोट कसलं, चांगलं वांगं झालं होतं त्याचं. काकीने माझ्याकडे पाठ केली, लिंबाचं टोपण कापलं, आतला गर काढला, हात कुठेतरी घालून काहीतरी केलं आणि ते लिंबू त्या बाईच्या बोटावर टोपीसारखं बसवून वर चिंधी बांधली.

“तीन दिस हाताला पानी नाय, काम नाय. लिंबू काढायचं नाय. बरं वाटतंय म्हनून कुनाला सांगायचं नाय, दुखतंय म्हनून पन सांगायचं नाय. चौथ्या दिशी दर्यात टाकायचं नि मागं न बगता घरी यायचं. ऊठ.”

बाई उठली आणि आभारसुद्धा न मानता गेली. आभार मानले तरी गुण जात असे. काकीच्या औषधाचा गुण जायला एकूण अकरा कारणं होती, ती सगळी मी वहीत लिहून घेतली होती. औषध मात्र लिहायचं राहिलं होतं.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते आणि जिल्ह्याच्या गावी कॉलेजात देवस्थळी सरांच्या हाताखाली जंतूंवर संशोधन करत होते, म्हणजे मुख्यतः त्यांच्या काचेच्या बशा धूत होते. आमच्या गावापासून दीड तासावर एक बंदर होतं. तिथल्या मोठ्या शेडमध्ये दीडशे बायका दिवसभर बर्फातली कोळंबी सोलायच्या. कोळंबीचा काटा नखाच्या कडेला घुसला की बोट पिकायचं. त्याला नखुर्डं म्हणतात. ज्याला झालंय त्याला रात्रभर छपराची कौलं मोजायला लावणारा हा आजार. नखुर्डं झालं की बाई डॉक्टरकडे जायची नाही, सुभद्रा पावसे हिच्याकडे जायची. तिलाच सगळं बंदर लिंबूकाकी म्हणे. काकी एक छदामही घेत नसे. लिंबू ज्याचं त्याने आणायचं.

शेडच्या मालकाला मात्र हे लिंबू डोळ्यांत खुपत होतं. ऐन हंगामात रोज चार-पाच बाया बोटाला लिंबू लावून तीन दिवस घरी बसायच्या. त्याने कॉलेजला पत्र लिहिलं की हे औषध खरं आहे की थोतांड, ते शास्त्राने एकदा सांगून टाकावं. देवस्थळी सर हरखले. त्यांच्या मते नुसत्या लिंबाने पू हटणं शक्य नव्हतं. आत नक्कीच एखादी वनस्पती असणार, आणि ती जगाला ठाऊक नसणार. सरांना फार दिवसांपासून जगाला ठाऊक नसलेलं काहीतरी हवं होतं.

“काकी,” मी वही मिटून म्हटलं, “नाव राहू दे. आपण असं करू. बारा बायका घेऊ. सहा जणींना तुमचं औषध भरलेलं लिंबू लावायचं, सहा जणींना रिकामं. कुणाला कुठलं ते त्यांना सांगायचं नाही. मलाही सांगायचं नाही. सर एक यादी करून तुम्हाला देतील, दुसरी पाकिटात बंद करतील.”

“भरलेलं?” काकीने सुरी खाली ठेवली.

“हो. आत तुम्ही जो लेप भरता ना, तो.”

तिने माझ्याकडे बघितलं, कौलांकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं.

“मी लेप भरते असं कोन म्हनलं?”

“सगळेच म्हणतात.”

“सगळेच म्हनतात,” ती पुटपुटली. “आनि समज, बाय, मी लेप नाय भरला तर?”

“तर सर लिहून देतील की ही अंधश्रद्धा आहे. मग लिंबू लावून घरी बसायला कुणाला मिळणार नाही. मालकाने तसं कळवलंय.”

पडवीच्या खांबाशी काकीची मांजर लिंबाच्या सालीशी खेळत होती, तिला तिने पायाने बाजूला केलं.

“उद्या सकाळी ये,” ती म्हणाली. “भरलेलं देते.”

दुसऱ्या दिवशी तिने मला वाटीभर लेप दिला. पिवळट-तांबूस, दाट, आणि वास असा की एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी दोनदा वळून माझ्या पिशवीकडे पाहिलं.

सरांनी वाटी दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाले, “जंगली! अगदी आदिम सुवास आहे, वसुधा.” मग करंगळीने थेंबभर जिभेवर ठेवला. जुन्या वैद्यांची हीच पद्धत होती म्हणे. “तिखट. किंचित आंबट. आणि शेवटी जिभेला मुंग्या आणणारं काहीतरी आहे. असं मी आयुष्यात चाखलेलं नाही.” त्यांनी आणखी दोनदा चाखलं. मीही दोनदा चाखलं. मीही तसं कधी चाखलेलं नव्हतं. सर चित्तपावन, मी देशस्थ, आणि आम्हा दोघांच्या सात पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा फोडलेलं नव्हतं.

आमचे शिपाई मयेकर तेवढ्यात बशा घेऊन आत आले आणि दारातच थबकले.

“मॅडम, कुणाचा डबा उघडा राहिलाय का?”

“डबा नाही, औषध आहे,” सर करड्या आवाजात म्हणाले.

“बरं,” मयेकर म्हणाले. “मला उगाच भूक लागली.”

जंतू वाढवलेल्या बशीत मधोमध आम्ही त्या लेपाचा ठिपका ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो ठिपक्याभोवती रुपयाएवढं स्वच्छ कडं! त्या कड्यात एकही जंतू जगला नव्हता. नुसत्या लिंबाच्या रसानेही कडं पडलं होतं, पण ते आंबटपणामुळे. रसात सोडा मिसळून आंबटपणा मारला की ते कडं गायब व्हायचं. लेपाचं मात्र सोडा घालूनही टिकलं. सरांनी त्या संध्याकाळी सगळ्या प्रयोगशाळेला पेढे वाटले. मयेकरांनी पेढा घेतला, पण त्यांची नजर वाटीवर होती.

मग निघाली ती नोटीस. मी कच्चा मसुदा लिहिला आणि आमच्या कचेरीतल्या कारकुनाने तो टंकलेखन करून शेडच्या फाटकावर लावायला पाठवला. त्यात एक काना जास्त पडला. ‘महाविद्यालयातर्फे सहा महिलांना भरलेले लिंबू देण्यात येईल’ याऐवजी ‘भारलेले लिंबू देण्यात येईल’ असं छापलं गेलं. खाली सरांची सही आणि कॉलेजचा गोल शिक्का.

मी बंदरावर पोचले तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. सरकारमान्य करणी बघायला फाटकाशी ही गर्दी. शेडचा मुकादम मला पाहताच दोन पावलं मागे सरला. मी काना पेनने खोडला, पण खोडलेला काना सगळ्यांना जास्तच खरा वाटला.

तरी बारा बायका मिळाल्या. खरं तर तीस आल्या होत्या. त्यातल्या अठरा जणींची बोटं ठणठणीत होती. लिंबं क्रमाने मांडून ठेवली होती. कुठल्या लिंबात लेप आणि कुठलं रिकामं, हे काकीला आणि बंद पाकिटाला ठाऊक. मी फक्त क्रमांक लिहिले.

सात नंबरला तुळसा आली. तिशीची, काटक, ओठ घट्ट मिटलेली बाई. शेडमध्ये तिच्याइतक्या वेगाने कोळंबी कुणी सोलत नसे. घरी अंथरुणाला खिळलेली आई, दुसरं कुणी नाही.

“तीन दिस बसू कशी?” तिने काकीला विचारलं.

“बसायचं,” काकी म्हणाली.

पुढचे दोन दिवस मी घरोघर हिंडत होते. तसला प्रकार मी पुन्हा कधी पाहिला नाही. एका घरी सासू सुनेला चहा देत होती, तो कप जमिनीवर ठेवून काठीने पुढे सरकवत. दुसऱ्या घरी नवरा विहिरीवरून पाणी आणत होता आणि बायको बोट वर करून खाटेवर बसली होती. तिने मला सांगितलं की लग्नाला नऊ वर्षं झाली, पण त्याला विहीर कुठे आहे हे ठाऊक असेल असं तिला वाटलं नव्हतं. भारलेल्या लिंबाला कोण हात लावणार? कोण त्या बाईला म्हणणार, ऊठ, भांडी घास?

माझी प्रश्नावली मात्र पार बुडाली. ‘आता कसं वाटतं?’ असं विचारलं की प्रत्येक बाई तोंड फिरवून म्हणायची, “सांगायचं नसतं.” बारा पानांवर बारा वेळा मी तेवढंच लिहिलं. मग चिंधी न सोडता फटीतून बोटं बघत बसले. बोटं उतरत होती. नंबर एकची, चारची, नऊची. तुळसा तेवढी हात पदराआड धरून बसायची. भरलेली कुठली नि रिकामी कुठली, काही केल्या कळेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुळसाचं घर गाठलं. ती दाराआड होती. लिंबू बोटावर होतं, पण चिंधीची गाठ नवी होती. मी चिंधीच्या फटीतून पाहिलं. बोट काळंनिळं पडलं होतं, आणि तिथून एक लाल रेघ तळहातावरून मनगटाच्या वर चढली होती. रेघ म्हणजे पुवाचं विष अंगात चढतंय, हे मला पुस्तकातून पाठ होतं. परीक्षेत त्यावर मला आठ गुण मिळाले होते.

आणि मी काय केलं? मी तिला म्हटलं, “जरा थांब हं, सरांना विचारते.”

बंदरावरच्या एसटीडी बूथमधून मी फोन लावला. सर म्हणाले, “सात नंबर गळला तर एका गटात पाचच उरतात, वसुधा. तीन दिवस आज संध्याकाळी पुरे होतात ना? संध्याकाळपर्यंत थांब.” मी “बरं” म्हणाले. हे ‘बरं’ मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. फोन ठेवून मी बाहेर आले, तिथे एका दगडावर बसले आणि घड्याळ बघू लागले. मला लाज वाटत होती, पण मी बसले होते हेही खरं.

रिक्षाचा भोंगा ऐकून मी मान वर केली. आत काकी होती आणि तिच्या खांद्यावर मान टाकून तुळसा.

“बसलीस काय घुम्यासारखी!” काकी कडाडली. “रेघ आली तर लिंबू नाय, डाक्तर! येवडं पन शिकवत नाय तुमच्या कालेजात? चढ आत!”

मी चढले.

तालुक्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी बोट चिरलं, पू काढला, इंजेक्शनं सुरू केली. आणखी एक दिवस गेला असता तर हाताचं काही सांगता आलं नसतं, असं ते म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर काकीशेजारी बसले आणि रडू लागले. तिने मला रडू दिलं. मग पदराने स्वतःचा घाम पुसला.

“लिंबू काढायची ती,” काकी म्हणाली. “रोज सकाळी. दिसभर सोलायची, नि तू यायच्या वक्ताला परत चडवायची. आज मी बोट बगायला गेले, मग रिक्षात बोलली.”

“काकी,” मी विचारलं, “तिचं लिंबू भरलेलं होतं की रिकामं?”

“भरलेलं.”

“म्हणजे औषध असूनही…”

“औषद!” काकीने इकडेतिकडे पाहिलं. बाकावर आम्हीच होतो. “बाय, ते बांगड्याचं कालवन होतं.”

मी नाक पुसायचं थांबले.

“आदल्या दिशीचं उरलेलं. खोबरं, मिर्ची, हळद, लसून, जिभेला मुंग्या आननारी तिरफळं. काटे काढून वाटलं परत. तू म्हनलीस भरलेलं हवं. आता कशानं भरू? माज्या लिंबात कदी कायच नव्हतं. सासूच्या बी नव्हतं.”

“काहीच नव्हतं?”

“सासू जाताना मला कानात सांगितलान. म्हनाली, सुभद्रे, आत काय नाय, पन हे कुनाला सांगू नको. हाताला तीन दिस आराम दिला नि पान्यात नाय घातला तर दहातली नऊ बोटं आपसूक बरी होतात. दहाव्याला रेघ येते, त्याला डाक्तर.” ती माझ्याकडे वळली. “पन तू नुसती जा नि नवऱ्याला सांग, बोट दुखतंय, तीन दिस काम नाय करनार. सासूला सांग. मुकादमाला सांग. बगू कोन बसू देतंय! लिंबाला मात्र समदे भितात.”

आतून तुळसाचं कण्हणं ऐकू आलं. काकी उठायला लागली, मग परत बसली.

“नाव घेतलं की गुण जातो, ते काय खोटं नाय,” ती हळूच म्हणाली. “आता तू लिवनार काय?”

एवढी वर्षं मी जे शिकले होते ते सगळं ‘लिही’ म्हणत होतं, आणि काठीने सरकवलेला तो चहाचा कप डोळ्यांपुढून हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर उभी राहिले. सरांनी तोवर परिषदेसाठी निबंधाचं पहिलं पान लिहून काढलं होतं आणि त्या अज्ञात द्रव्याला नावही ठेवलं होतं. त्या नावात ‘देवस्थळी’ असावं याची त्यांनी काळजी घेतली होती.

“सर,” मी म्हटलं, “ते बांगड्याचं कालवण आहे.”

“कसलं?”

“माशाचं, सर. कड्याचं म्हणाल तर, लसूण बशीतले जंतू मारतो हे आधीच छापून आलेलं आहे. बशीत मेले म्हणून ते बोटात मरतीलच असं मात्र नाही.”

सरांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लेपाच्या रंगाचा. त्यांनी नकळत करंगळी धोतराला पुसली.

“मी तीनदा चाखलं होतं,” ते म्हणाले.

“मी दोनदा.”

“हे कुठे बोलायचं नाही, वसुधा.”

“नाही, सर. पण शेडच्या मालकाला उत्तर द्यायला हवं. मी लिहून आणलंय.”

त्यांनी कागद जवळजवळ न वाचताच सही केली. मी मात्र त्यातला प्रत्येक शब्द चार वेळा तपासला होता, आणि या खेपेला टंकलेखनही स्वतः केलं होतं. ‘लिंबू लावलेल्या बारा महिलांपैकी अकरा महिला तीन दिवसांत बऱ्या झाल्या. एका महिलेने मुदतीआधी लिंबू काढून काम केले, तिला इस्पितळात दाखल करावे लागले. तरी लिंबू लावलेल्या महिलेस तीन दिवस कोणतेही काम देऊ नये. हातावर लाल रेघ दिसल्यास तात्काळ डॉक्टरकडे न्यावे.’ यात कुठेही खोटं नव्हतं. आजही मी तो कागद कुणाहीपुढे ठेवेन. खाली कॉलेजचा गोल शिक्का होता, आणि बंदरावर त्या शिक्क्याचा दरारा आता काय होता ते तुम्हाला ठाऊकच आहे. मालकाने तो कागद फाटकावर लावला. वाचून सर्वांत आधी मुकादमच मागे सरला, असं मी ऐकलं.

आठवड्याने मी काकीकडे गेले. पडवीत तुळसा बसली होती. रंग सुधारला होता. तिचं ते नख पुढे कायम वाकडंच राहिलं, पण बोट वाचलं. हाताला इस्पितळाची जाड पांढरी पट्टी होती, आणि त्या पट्टीच्या टोकावर, चिंधीने घट्ट बांधलेलं, एक पिवळंधमक लिंबू.

“हे कशाला?” मी विचारलं. “पट्टी आहे ना?”

“पट्टी बगून मुकादम म्हनला, डाव्या हातानं सोल,” तुळसा म्हणाली. “लिंबू बगून गप बसला. आयशीला बगायला पन शेजारनीला सांगितलान.”

काकी लिंबं कापत होती. तिने मान वर केली नाही, पण सुरी थांबली.

तुळसाने बोट माझ्यापुढे धरलं आणि आवाज खाली आणला.

“ताई, तुमी कालेजवाल्या. तुमाला आता समदं कळलं असंल. आत काय हाय हो?”

मी त्या लिंबाकडे पाहिलं. मग काकीकडे पाहिलं.

“नाव घ्यायचं नसतं,” मी म्हटलं. “गुण जातो.”

सुरी पुन्हा चालू झाली. जरा वेळाने काकी उठली, आत गेली आणि कधी नव्हे ते मला विचारलं, चहा घेशील का.